दोन मिनिटांचा अंधार आणि लॉकियर

सुरत-धुळे महामार्गावरच्या विसरवाडीत भर दुपारी ओसरीत बसलेल्या आजीचा मोबाइलवर फोटो काढून पाहा. आजीच्या चेहऱ्यावर बोट टेकवले, तर चेहरा नीट येतो, पण मागचा रस्ता आणि डोंगर पांढरेफटक होतात. बोट रस्त्यावर टेकवले, तर डोंगराची कडा सुरेख दिसते, पण आजी काळ्या सावलीत हरवते. डोळ्यांना मात्र दोन्ही एकदम दिसत असतात. आजचे बरेच मोबाइल ही अडचण गुपचूप सोडवतात. एका क्षणात कमी-जास्त प्रकाशाची अनेक चित्रे घेतात आणि प्रत्येकातला नीट आलेला भाग उचलून एकच चित्र बनवतात. मोबाइलमध्ये या सोयीचे नाव 'एचडीआर'.

उजेड-अंधाराचा हा तंटा मोबाइलपेक्षा दीडशे वर्षांनी जुना आहे. त्याचे सर्वांत अवघड रूप म्हणजे खग्रास सूर्यग्रहण. या ग्रहणांच्या मागे आयुष्यभर धावलेला एक इंग्रज शास्त्रज्ञ आपल्याकडे चांगलाच परिचित आहे, तो म्हणजे नॉर्मन लॉकियर. सिंधुदुर्गातल्या विजयदुर्ग किल्ल्यात 'साहेबाचे ओटे' दाखवले जातात, ते त्याचेच. दरवर्षी १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिन साजरा होतो. याच ओट्यांवरून १८६८ मध्ये लॉकियरने हेलियमचा शोध लावला, असे अनेकांनी ऐकलेले असते. गोष्ट छान आहे, पण तशी घडलेली नाही. खरी गोष्ट तिच्याहून अधिक रंजक आहे.

जोसेफ नॉर्मन लॉकियर याचा जन्म १७ मे १८३६ रोजी इंग्लंडमधल्या रग्बी गावी झाला. वडील वैद्यकीचा व्यवसाय करत. आई लहानपणीच गेली. विद्यापीठाची पदवी त्याच्याकडे नव्हती. विशीत पाऊल टाकल्यावर, १८५७ मध्ये, तो लंडनच्या युद्ध खात्यात कारकून म्हणून चिकटला. दिवसभर फायली आणि लष्करी नियमांची पुस्तके, संध्याकाळी घरी दुर्बीण, असा त्याचा दिनक्रम. पुढच्याच वर्षी विनिफ्रेड जेम्सशी लग्न झाले. तिला फ्रेंच उत्तम येत असे आणि विज्ञानाची फ्रेंच पुस्तके तिने इंग्रजीत आणली. घरात मुलांची संख्या वाढत गेली, पगार मात्र बेताचाच राहिला. लेख लिहून चार पैसे मिळवायचे आणि उरलेल्या वेळात आकाश पाहायचे. १८६२ मध्ये मंगळ पृथ्वीजवळ आला, तेव्हा त्याने सव्वासहा इंची दुर्बिणीतून काढलेल्या मंगळाच्या चित्रांनी जाणकारांचे लक्ष वेधले.

त्याच सुमारास विज्ञानात एक नवे साधन आले होते, वर्णपटदर्शक. पांढरा प्रकाश लोलकातून गेला की इंद्रधनुष्यासारखा पसरतो आणि त्या पट्ट्यातल्या ठळक किंवा काळ्या रेषा कोणत्या मूलद्रव्याच्या, हे ओळखता येते. मिठाची चिमूट ज्योतीत टाकली की ज्योत पिवळी होते, तो सोडियमचा रंग. ताऱ्याला हात न लावता तो कशाचा बनला आहे, हे सांगण्याची किल्लीच माणसाच्या हाती आली.

लॉकियरने १८६६ मध्ये दुर्बिणीला छोटा वर्णपटदर्शक जोडून सूर्यावरच्या डागांचा प्रकाश तपासला. तेव्हाच त्याला एक प्रश्न पडला. खग्रास ग्रहणात सूर्याच्या काठावर लालसर ज्वाला दिसतात. एरवी सूर्याच्या झगझगाटात त्या बुडतात. पण वर्णपटदर्शकाने आकाशाचा पांढरा उजेड लांब पट्ट्यात पसरवून फिका केला, तर? ज्वालांचा प्रकाश ठरावीक रेषांतच एकवटलेला असेल, तर त्या रेषा फिक्या पट्ट्यावर उठून दिसायला हव्यात. म्हणजे ग्रहणाची वाट न पाहता कोणत्याही दिवशी ज्वाला दिसतील. मोबाइलच्या भाषेत सांगायचे, तर उजेडाचा डोंगर खाली ओढून सावलीतले बारकावे वर आणण्याचाच हा विचार होता.

कल्पना चोख होती, पण त्यासाठी अधिक ताकदीचा वर्णपटदर्शक हवा होता. अनुदानाचा अर्ज झाला, पैसे मंजूर झाले, पण उपकरण तयार होता होईना. महिने उलटले. दरम्यान १८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास ग्रहण आले. त्याची सावली दक्षिण कोकणातून भारतात शिरली आणि जमखंडी, गुंटूर, मछलीपट्टणमवरून बंगालच्या उपसागराकडे गेली. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल दुर्बीण लावून बसला होता. गुंटूरला फ्रान्सचा जूल जान्सेन होता. अनेक निरीक्षकांना ज्वालांच्या वर्णपटात ठळक रेषा दिसल्या, त्यात एक पिवळी होती. बहुतेकांनी ती सोडियमची समजून पुढे पाऊल टाकले. जान्सेनला त्या रेषा इतक्या ठळक दिसल्या, की ग्रहण नसतानाही त्या दिसतील असे त्याला वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने उघड्या सूर्याकडे उपकरण वळवले आणि रेषा खरोखरच सापडल्या.

त्या दिवशी लॉकियर विजयदुर्गात नव्हता, भारतातही नव्हता. तो इंग्लंडमध्ये आपल्या उपकरणाची वाट पाहत होता. ते हाती आले १६ ऑक्टोबर १८६८ रोजी. चारच दिवसांत, २० ऑक्टोबरला, त्याने ग्रहणाविना सूर्यज्वालांच्या रेषा पाहिल्या. जान्सेनचे भारतातून निघालेले पत्र आणि लॉकियरच्या शोधाची बातमी पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच बैठकीत पोहोचली. पहिला कोण, यावरून दोन देशांत भांडण सहज जुंपले असते. तसे झाले नाही. फ्रेंच सरकारने दोघांचेही चेहरे कोरलेले एकच पदक काढले आणि ते दोघे पुढे मित्र राहिले.

ती पिवळी रेषा मात्र लॉकियरने सोडली नाही. मोजमाप केल्यावर ती सोडियमच्या रेषांच्या जागी बसत नव्हती, जरा बाजूला पडत होती. रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड फ्रँकलंड याच्यासोबत त्याने प्रयोगशाळेत वायू तापवून पाहिले. कुठल्याही ज्ञात पदार्थात ही रेषा मिळेना. हे पृथ्वीवर न सापडलेले मूलद्रव्य असावे, असे त्याचे मत झाले. सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला 'हेलियम' म्हटले गेले. अनेकांनी ते हसण्यावारी नेले. ज्याला कोणी पाहिले नाही, हातात धरले नाही, असे मूलद्रव्य केवळ एका रेषेच्या भरवशावर मानायचे कसे? ही टीका लॉकियरने पंचवीसहून अधिक वर्षे सोसली. १८९५ मध्ये विल्यम रॅमसेने युरेनियमच्या एका खनिजातून निघणारा वायू तपासला, तेव्हा तीच पिवळी रेषा समोर उभी राहिली. हेलियम पृथ्वीवर सापडला होता. आज एमआरआय यंत्राचे चुंबक थंड ठेवायला द्रवरूप हेलियम लागतो. रुग्णालयातल्या त्या यंत्राचे एक मूळ अशा रीतीने सूर्याच्या काठावरच्या एका रेषेपर्यंत जाते.

दरम्यान लॉकियर नुसता हौशी राहिला नव्हता. ४ नोव्हेंबर १८६९ रोजी त्याच्या संपादनाखाली 'नेचर' या साप्ताहिकाचा पहिला अंक निघाला. सुरुवातीची अनेक वर्षे ते तोट्यातच चालले, पण प्रकाशकाने धीर सोडला नाही आणि संपादकानेही. पन्नास वर्षे त्याने ते सांभाळले. आज जगातल्या विज्ञान नियतकालिकांत त्याचे स्थान अगदी वरचे आहे.

आता प्रश्न उरला सूर्याच्या किरीटाचा. खग्रास ग्रहणात काळ्या चंद्राभोवती मोत्यासारखा पांढरा प्रकाश पसरलेला दिसतो, तो किरीट, इंग्रजीत करोना. ज्वालांप्रमाणे तो एरवी दिसत नाही आणि लॉकियरची युक्ती त्याच्या मंद पसरलेल्या उजेडाला लागू पडेना. किरीट पाहायचा, तर ग्रहणच हवे. म्हणून लॉकियर ग्रहणांच्या मागे निघाला.

डिसेंबर १८७० मध्ये तो सिसिलीला निघाला. वाटेत 'सायकी' हे जहाज किनाऱ्यालगत खडकावर आदळले. माणसे आणि उपकरणे कशीबशी वाचली, पण ऐन ग्रहणात ढग आले. त्याला किरीट दिसला तो क्षण-दोन क्षणच. पुढच्या वर्षी, १२ डिसेंबर १८७१ च्या ग्रहणासाठी तो भारतात आला आणि आजच्या केरळातल्या बेकल किल्ल्यावर त्याने तळ ठोकला. यावेळी आकाश निरभ्र होते. तिथे आणि निलगिरीतल्या दोडाबेट्टावर दुसऱ्या तुकडीने किरीटाची छायाचित्रे घेतली.

छायाचित्र घेणे ही त्या काळी कसरत होती. काचेवर चिकट द्रावण पसरायचे, ते चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायचे आणि काच ओली आहे तोवरच चित्र घेऊन धुवायचे. पण खरी अडचण निराळी होती. सूर्याच्या काठाला लागून असलेला किरीट बराच तेजस्वी असतो. काठापासून सूर्याच्या एका व्यासाइतके दूर गेले, की तेज शेकडो पटींनी घटते आणि पुढे आणखी घटत जाते. काचेवरचा लेप एवढा मोठा फरक एकदम टिपू शकत नाही. प्रकाश फार कमी पडला तर लेपावर काहीच उमटत नाही. फार पडला तर तो पूर्ण काळा होतो आणि त्यापुढे कितीही प्रकाश आला तरी फरक पडत नाही. या दोन टोकांच्या मधल्या पट्ट्यातच बारकावे मिळतात. विसरवाडीच्या ओसरीतला फोटो बिघडतो तो याच कारणाने. फरक इतकाच, की आता लेपाच्या जागी मोबाइलमधला संवेदक असतो.

यावर उपाय एकच होता. एकच चित्र न घेता अनेक घ्यायची, प्रत्येकाला वेगळा वेळ द्यायचा. निमिषभर उघडलेल्या काचेवर सूर्यालगतच्या ज्वाला आणि आतला किरीट स्वच्छ येतो, बाहेरचे काहीच येत नाही. काही सेकंद उघडलेल्या काचेवर आतला भाग जळून एकसारखा होतो, पण दूर गेलेले किरीटाचे पिसारे दिसू लागतात. अशा काचा एकत्र ठेवल्या, तर पूर्ण किरीट मिळतो.

पण एकत्र कशा करायच्या? तेव्हा संगणक नव्हता. हे काम केले लंडनच्या रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीतल्या विल्यम हेन्री वेस्ली या माणसाने. त्याचा मूळ पेशा कोरीवकामाचा, नजर अत्यंत तयार. तो एका ग्रहणाच्या सगळ्या काचा घेऊन बसे, प्रत्येकीतला नीट उमटलेला भाग निरखी आणि सर्वांतले बारकावे एका रेखाटनात उतरवी. १८७१ च्या ग्रहणाच्या भारतात घेतलेल्या काचांवरून त्याने केलेली चित्रे अशीच तयार झाली. त्या एका चित्रात जे दिसते, ते कुठल्याही एका काचेवर नाही. आज मोबाइलमधला संगणक क्षणार्धात करतो ते काम वेस्ली हाताने, दिवसचे दिवस खपून करत असे.

ही कल्पना याआधी कलेच्या क्षेत्रात आली होती. फ्रान्सच्या गुस्ताव ल ग्रे याने १८५० च्या दशकात समुद्राची छायाचित्रे घेताना आकाशासाठी एक आणि पाण्यासाठी दुसरी अशा दोन काचा वापरून एकच चित्र छापले होते. त्याला सुंदर चित्र हवे होते. ग्रहणवाल्यांना मोजता येईल असे सत्य हवे होते. सूर्यावर डाग अधिक असतात तेव्हा किरीट चहूबाजूंनी पसरलेला दिसतो, डाग कमी असतात तेव्हा तो विषुववृत्ताच्या दोन बाजूंना लांबट होतो. हा फरक लक्षात यायला वेगवेगळ्या ग्रहणांतले किरीट आतून बाहेरपर्यंत पूर्ण दिसणे गरजेचे होते.

भारताशी लॉकियरचे नाते ग्रहणापुरते नव्हते. १८७६ ते १८७८ च्या महादुष्काळात दख्खन होरपळत असताना, सूर्यावरच्या डागांच्या अकरा वर्षांच्या चक्राचा पावसाशी संबंध असावा, असे त्याने विल्यम हंटर याच्यासोबत मांडले. डागांवरून दुष्काळाचे भाकीत करता येईल, ही त्याची आशा पुढे टिकली नाही. पाऊस इतक्या सोप्या हिशेबात बसत नाही. पण सूर्याची रोज नोंद हवी, हा आग्रह टिकला. १८७८ पासून डेहराडूनला रोज सूर्याची छायाचित्रे घेतली जाऊ लागली.

या नात्याचा एक धागा पुण्यातही आहे. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातले भौतिकशास्त्राचे अध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांना भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी १८८२ मध्ये पाच हजार रुपये दिले, तेवढीच भर मुंबई सरकारने घातली. उपकरणे निवडायला नायगमवाला १८८४ मध्ये इंग्लंडला गेले, तिथे लॉकियर आणि इतर ज्येष्ठांचा सल्ला घेतला आणि पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये १८८८ मध्ये वेधशाळा उभी राहिली. तिथली दुर्बीण तेव्हा देशातली सर्वांत मोठी होती. गंमत अशी, की तेजोमेघ हे उल्कांच्या टकरींतून उजळतात असे लॉकियरचे आवडते मत होते आणि मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा वर्णपट तपासून नायगमवालांनी काढलेला निष्कर्ष त्या मताच्या विरोधात गेला. ज्याचा सल्ला घेतला, त्याचेच म्हणणे पुराव्याने खोडले. विज्ञानात यापेक्षा मोठी गुरुदक्षिणा नाही.

लॉकियर हट्टी होता आणि त्याचे अनेक सिद्धांत कोसळले. तेजोमेघांचा हा त्यातलाच एक. पण ग्रहणाच्या मोहिमा आखण्यात त्याचा हात धरणारे थोडेच होते. १८९६ मध्ये तो नॉर्वेच्या उत्तर टोकाला गेला. नौदलाचे जहाज, खलाशांची फौज, महिन्यांची तयारी आणि ऐन वेळी ढग. सगळे पाण्यात. त्यानंतर दीड वर्षाने पुढची संधी आली, ती २२ जानेवारी १८९८ ची. सावलीचा पट्टा विजयदुर्गाला भारतात शिरून सोलापूर जिल्ह्यातले जेऊर, वर्ध्याजवळचे पुलगाव, वऱ्हाड, नागपूर असा महाराष्ट्राच्या आरपार जाणार होता. जानेवारी, म्हणजे ढगांची भीती कमी. मुंबई-पुण्यात प्लेगने थैमान घातले होते, तरी देशोदेशीच्या तुकड्या आल्या. जेऊरला नायगमवाला आणि अमेरिकेच्या लिक वेधशाळेचा कॅम्पबेल होता. वऱ्हाडातल्या तळणीला मॉन्डर दांपत्य होते. नंदुरबारचा मुलूख पट्ट्याच्या उत्तरेला राहिला. नवापूर-विसरवाडीकडे त्या दुपारी सूर्याचा मोठा भाग झाकला गेला असणार, पण पूर्ण अंधार काही झाला नसणार.

बासष्टीकडे झुकलेला लॉकियर विजयदुर्गास उतरला. आदल्या वर्षीच त्याला 'सर' ही पदवी मिळाली होती. सोबत मुलगा विल्यम आणि मदतनीस आल्फ्रेड फाउलर होते. 'मेल्पोमिनी' या युद्धनौकेवरचे अधिकारी आणि खलाशी हाताशी होते. मराठी आरमाराच्या या जुन्या किल्ल्यात आता तोफांऐवजी दुर्बिणी रोखल्या गेल्या. खलाशांना काचा कशा सरकवायच्या, झाकण कधी काढायचे, वेळ कसा पुकारायचा, याची रोज कवायत दिली गेली. दोन मिनिटांच्या कामासाठी कित्येक दिवसांची तालीम चालली.

दोन मिनिटांत किती चित्रे घ्यायची आणि कोणाला किती वेळ द्यायचा, हे आधीच कागदावर ठरलेले असे. पहिल्या क्षणी, सूर्याची शेवटची कड झाकली जाताना, झटपट काही काचा, कारण सूर्याच्या वातावरणाचा खालचा थर तेव्हा क्षणभरच चमकतो. मध्यावर एक लांब उघडीप, फिकट किरीटासाठी. शेवटी पुन्हा झटपट. एक काच अडकली, तर दुसरी संधी त्या आयुष्यात नाही.

डोळ्यांसाठीही एक युक्ती होती. किरीट रेखाटणाऱ्या काही जणांच्या डोळ्यांवर ग्रहणाआधीच पट्टी बांधली जाई. उजेडातून अंधारात आल्यावर आपल्याला काही वेळ दिसत नाही. डोळ्याची बाहुली सेकंदांत मोठी होते, पण पडद्यातल्या पेशी अंधाराला सरावायला दहा मिनिटे ते अर्धा तास लागतो. पट्टीमुळे डोळे आधीच सरावलेले राहत. शिवाय त्यांच्यासमोर उंच खांबावर एक तबकडी लावलेली असे. ती चंद्राबरोबर तेजस्वी आतला किरीटही झाके, म्हणजे बाहेरचे फिकट पिसारे डोळ्यांना दिसत. उजेड झाकला की अंधारातले दिसते, ही गोष्ट कॅमेऱ्याला लागू, तशीच माणसालाही. इथे एक इशारा हवाच. ही पट्टी सुटे ती पूर्ण अंधार झाल्यावरच. सूर्याची बारीकशी कडा उघडी असली, तरी नुसत्या डोळ्यांनी पाहिल्यास पडद्याला कायमची इजा होते आणि ती होताना दुखतही नाही. दुर्बिणीतून पाहणे तर त्याहून घातक. खात्रीचा ग्रहणचष्मा हवा, नाहीतर न पाहिलेले बरे.

त्या दुपारी आकाश लख्ख होते. महाराष्ट्रभरच्या तुकड्यांना ग्रहण मिळाले. जेऊरला कॅम्पबेलने चाळीस फूट लांबीच्या कॅमेऱ्याने मोठ्या काचांवर किरीट टिपला. तळणीला अॅनी मॉन्डरने साध्या लहान भिंगाने किरीटाचा एक पिसारा सूर्यापासून फार दूरपर्यंत पकडला. तोवर छायाचित्रात इतका लांब पिसारा कोणाला मिळाला नव्हता. विजयदुर्गाच्या काचांवर किरीटाच्या हिरव्या रेषेची जागा मोजता आली आणि आजवर मानलेली जागा चुकीची असल्याचे उघड झाले. ही रेषा एका अज्ञात मूलद्रव्याची, असे तेव्हा सर्व मानत. हेलियमसारखेच आणखी एक सापडेल, ही आशा होती. ती फळली नाही. सुमारे चाळीस वर्षांनी कळले, की ती रेषा लोखंडाचीच. तेरा इलेक्ट्रॉन गमावलेले लोखंड तसा हिरवा प्रकाश देते आणि त्यासाठी दहा लाख अंशांहून अधिक तापमान लागते. म्हणजे किरीट सूर्याच्या पृष्ठभागाहून शेकडो पट तापलेला आहे. का, याचे पूर्ण उत्तर आजही मिळालेले नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये 'इस्रो'ने पाठवलेल्या 'आदित्य एल-१' यानावरचा किरीटदर्शक ती हिरवी रेषा तपासतो आहे, तो याच कोड्यासाठी.

लॉकियर पुढे स्पेनला आणि मायोर्काला गेला. इजिप्तची मंदिरे आणि स्टोनहेंजचे दगड सूर्याच्या उगवतीशी जुळवून उभारले का, हे मोजत फिरला. १९१३ मध्ये सरकारने त्याची लंडनची सौर वेधशाळा केंब्रिजला हलवली. तेव्हा पंचाहत्तरी ओलांडलेल्या या माणसाने सिडमथजवळच्या टेकडीवर स्वतःची नवी वेधशाळा उभारून ठेवली होती. तिथेच १६ ऑगस्ट १९२० रोजी त्याचा अंत झाला. पुण्याची वेधशाळा त्याआधीच, १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त होताच बंद झाली आणि तिची उपकरणे कोडाईकनालच्या सौर वेधशाळेत गेली.

वेस्लीचे काम पुढे यंत्रांनी उचलले. विसाव्या शतकाच्या मध्यात चार्ल्स वायकॉफने अणुस्फोट टिपायला कमी-जास्त संवेदनशीलतेचे थर असलेली फिल्म बनवली. १९९७ मध्ये पॉल डेबेव्हेक आणि जितेंद्र मलिक यांनी वेगवेगळ्या वेळांच्या छायाचित्रांतून दृश्याचे खरे तेज गणिताने काढण्याची रीत मांडली. प्रत्येक ठिपका किती उजळला, याला तो किती वेळ उघडा होता, त्याने भागायचे. ज्या चित्रात तो ठिपका जळलेला किंवा बुडालेला आहे, ते चित्र त्या ठिपक्यापुरते मोजायचे नाही. उरलेल्यांची सरासरी घ्यायची. शेवटी तेजाचा तो प्रचंड पल्ला पडद्यावर मावेल इतका दाबायचा. आजचे मोबाइल याच विचाराची निरनिराळी रूपे वापरतात.

आता विजयदुर्गाचे ओटे. तिथे १८६८ मध्ये हेलियम सापडला नाही, हे मान्य केल्याने त्यांचे मोल कमी होत नाही. उलट, पदवी नसलेल्या एका कारकुनाने एका पिवळ्या रेषेवर सत्तावीस वर्षे विश्वास ठेवला, तो खरा ठरला आणि त्यानंतर तीन वर्षांनी तोच माणूस दोन मिनिटांच्या अंधारासाठी कोकणच्या किनाऱ्यावर येऊन उभा राहिला. किल्ल्यावर जाल तेव्हा मुलांना ही गोष्ट सांगा. मग मोबाइलने किल्ल्याचा काळोखा दरवाजा आणि मागचा लखलखता समुद्र एकाच चित्रात घ्या. एचडीआर एकदा बंद करून आणि एकदा चालू करून घ्या, म्हणजे लॉकियरच्या काचा आणि वेस्लीचे रेखाटन यांतला फरक मुलांना आपोआप कळेल.